बरणीतले दोन थर

९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन दहा दिवस झाले आणि उत्तराला आज मुहूर्त लागतोय, तेव्हा आधीच कान पकडते. फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ आणि ‘ठेवू का’ यापलीकडे जात नाही. त्यापेक्षा मी वसतिगृहात असताना आईने लावलेली ही पत्रांची सवयच बरी. कागद एका बाजूने वापरलेला आहे, त्याबद्दल रागावू नका. आमच्याकडे इंजिन चाचणीला लागलं की दर तासाचे आकडे संगणकात जातातच, पण एकदा संगणक रुसला तेव्हापासून विभागप्रमुख बाईंनी हाताने तक्ता भरायचीही सक्ती केलीय. त्याच्या नकला रद्दीत जातात. कोरी बाजू फेकून द्यायला तुमच्या पोरीचा हात धजत नाही.

माझं सध्याचं इंजिन सहाशे तासांच्या चाचणीवर आहे. पेट्रोल निम्म्याहून कमी, बाकी पिकांपासून काढलेलं अल्कोहोल. ते दाबलं तरी अवेळी पेट घेत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये दाब वाढवता येतो आणि तेवढ्याच थेंबातून जास्त काम काढता येतं. खोड एवढीच की ते रबर खातं आणि पाणी दिसलं की पिऊन घेतं. त्याचे हे लाड पुरवता पुरवता आमच्या नाकी नऊ येतात.

आता मुद्द्याचं. मला इथे पुढेही ठेवून घेतायत. तीन वर्षांचा करार आहे आणि ३१ मार्चच्या आत सही हवी. मी अजून केलेली नाही. आई जाऊन वर्ष झालं आणि तुम्ही त्या दोन खोल्यांत एकटे. तुमचं बरं चाललंय अशी माझी खात्री पटली तर सही करीन, नाही तर सामान बांधून घरी येईन. तिथेही कुठेतरी काम मिळेलच. म्हणून सगळं खरं खरं लिहा. आपली भोपळी गाडी चालवता का, कुठे जाता, कुणाशी बोलता, तेही लिहा.

माझी काळजी नको. कालचा रविवार मस्त गेला. माझ्याबरोबर इंजिनावर असते ती कुरळी आणि मी गावामागची टेकडी चढून आलो. वर वारा इतका होता की तिच्या केसांचं झाडच झालं. उतरताना माझी चप्पल तुटली आणि अर्धी वाट मी अनवाणी आले.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र लांब लिहा.

तुमची,
वॉशर


१७ जानेवारी

चि. वॉशरबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. हाताच्या दहाही बोटांत वॉशरच्या अंगठ्या घालून गॅरेजभर मिरवणारी पोरगी आता इंजिनाला दारू पाजते, हे ऐकून ऊर भरून आला. चाळीस वर्षं मी ड्रायव्हर लोकांना पिऊन गाडी चालवू नका म्हणून सांगत आलो. आता गाडीच पिऊन येणार म्हटल्यावर मी वेळेवर शटर ओढलं हेच बरं झालं.

माझं उत्तम चाललंय. गॅरेजची जागा घेतलेला टायरवाला भला माणूस आहे. अडला की मला हाक मारतो, मी जाऊन दोन शिव्या घालतो, त्याचं काम होतं. सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि अंडी, संध्याकाळी एक फेरी. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतो कोण.

भोपळी ठणठणीत आहे. दर रविवारी तिला काढतो आणि तलावाकाठी दाढीवाल्याकडे जातो. जाऊन येऊन साठ किलोमीटर पडतात. तोच तो, माझ्याबरोबर कामाला लागलेला, ज्याच्या दाढीत एकदा स्क्रू सापडला होता. तो आणि मी दुपारभर पत्ते कुटतो. तो अजूनही लबाडी करतो आणि अजूनही पकडला जातो. त्याच्या बायकोने परवा मला सांगितलं की तुमच्यामुळे यांना बोलायला कुणी तरी मिळतं, या येत जा. परतीला उन्हं कलली की तलावाच्या कडेने हळू येतो. तुझी आई त्या वळणावर नेहमी आरसा ठीक करायची, आठवतं का?

तेव्हा तू डोळे मिटून सही कर. तिथलं काम इथे मिळणार नाही. इथे तुला लोक ब्रेकचं तेल बदलायला सांगतील. मी काही लोणच्याची बरणी नाही, की कुणी रोज हलवलं नाही तर बुरशी येईल.

टेकडीवर जाताना बूट घालत जा. चपला घालून डोंगर चढणारी माणसं मला कधीच समजली नाहीत.

आहे तो लोभ जपून आहे, तूही जप.

तुझा,
बाबा


६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दाढीवाल्या काकांची लबाडी वाचून एकटीच खूप हसले. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा की त्यांचा तो खोकला गेला का. आणि तुम्ही जिंकता की हरता, तेही पुढच्या पत्रात येऊ द्या.

इकडे इंजिनाने तीनशे तास पुरे केले. आता त्याला एक नवा संस्कार चालू आहे. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन स्वतःच बंद व्हायचं आणि पायाखालचं पेडल हललं की स्वतःच सुरू व्हायचं. उगाच उभं राहून इंधन जाळायचं नाही. मी चाचणीघराच्या काचेअलीकडे बसते. पलीकडे ते सुरू होतं, बंद होतं, पुन्हा सुरू होतं. एका दिवसात असं हजार वेळा. बंद झाल्यावरच्या त्या काही सेकंदांत मला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो, एरवी येत नाही. मग मी उगाच कागद सारखे करते.

खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, माणसं चढता-उतरताना दिसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दर पायरीवर थांबायची सवय आहे. पंचवीस पायऱ्यांना ते नऊ मिनिटं घेतात. तुमच्यासारखं मोजायचं वेड मलाही लागलंय.

काल कुरळीचा वाढदिवस होता. आम्ही सगळे तिच्याकडे जमलो, केक कापला, भरपूर दंगा केला. मला गायला लावलं. तुम्ही असता तर उठून गेला असता.

सहीचं अजून ठरत नाही. बाई रोज विचारतात. त्यांना म्हटलं, वडिलांचं पत्र येऊ दे. त्या म्हणाल्या, वडील काय म्हणतात ते सोड, तुला काय हवंय ते सांग. काम मला मनापासून आवडतं बाबा, पण तुम्ही तिकडे एकटे बसलात या विचाराने जीव टांगणीला लागतो. तुमची रविवारची गंमत वाचली की तेवढ्यापुरता तो खाली उतरतो.

पत्र लवकर पाठवा, लोभाचं मागाहून बघू.

तुमची,
वॉशर


२० फेब्रुवारी

चि. वॉशरबाईस,
अनेक आशीर्वाद.

आज तुझ्या खात्यातला एक चमत्कार कळवायचा आहे. चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं, म्हणून सगळं सोडून लिहायला बसलो.

कालच्या रविवारी भोपळीला चावी लावली. एकदा खोकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. प्लग काढले, ठीक. ठिणगी येत होती. हवेची जाळी साफ. म्हटलं, राहिलं इंधन. टायरवाल्याकडून नळी आणली आणि टाकीच्या तळातून थोडं काढून काचेच्या बरणीत ओतलं. दहा मिनिटांनी पाहतो तर बरणीत दोन थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखं काही तरी, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. ढवळलं तरी पुन्हा तीच रेघ. मग टाकीच पुरती रिकामी केली. एकोणीस लिटर निघालं. तळातलं आणि वरचं सगळं एका मोठ्या पारदर्शक डब्यात स्थिर होऊ दिलं आणि पोलादी पट्टी लावली. वरचा थर एकशे ऐंशी मिलिमीटर, खालचा बावीस. चित्र काढून पत्रासोबत जोडतो आहे. मापात अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नाही, डोळे अजून शाबूत आहेत.

शिवाय टाकीच्या झाकणाचं रबरी कडं चिरलेलं सापडलं. बोटाने दाबलं तर भुगाच झाला. शेडचा पत्रा नेमका तिथेच ठिबकतो, म्हणजे पाणी तिथूनच आत गेलं असणार. तुझं ते रबर खाणारं, पाणी पिणारं प्रकरण हेच ना? तुमच्या प्रयोगशाळेत याला काय म्हणतात, आणि टाकी आतून धुवायची तर कशाने, ते सविस्तर कळव. इतक्या दिवसांनी काही नवं पाहायला मिळालं, मजा आली.

दाढीवाल्याचा खोकला बरा आहे. कालचे पत्ते अर्थातच बुडाले, त्याला तसं कळवलं.

तुझ्या कागदांच्या मागच्या बाजूही मी वाचतो बरं का. गेल्या पत्रामागच्या तक्त्यात दुपारी दोन वाजता तेलाचं तापमान चार अंशांनी चढलेलं दिसलं. पंखा तपासून घे.

सहीला उशीर करू नकोस.

लोभ वाढो न वाढो, तापमान वाढू देऊ नये.

तुझा,
बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी ते डबे आणि ती बरणी घरातून बाहेर काढा. चुलीपासून लांब, सावलीत, झाकण लावून ठेवा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता उठा.

आता तुमचा चमत्कार. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं. त्यात पाणी गेलं की काही मर्यादेपर्यंत ते पाणी मावतं. मर्यादा ओलांडली की अल्कोहोल पाण्याचा हात धरून तळाशी जाऊन बसतं आणि पेट्रोल वर एकटं राहतं. पंप तळातून ओढतो, म्हणून इंजिनाला नुसता खालचा थर मिळाला आणि ते खोकलं. हे झालं शास्त्र.

बाबा, तुमच्या मापात कधीच चूक नसते. एकूण दोनशे दोन मिलिमीटर, त्यात खालचा थर बावीस. म्हणजे दहात एक वाटा. त्या इंधनात दहात एक भाग अल्कोहोल होतं. गेल्या जूनपासून देशातल्या कुठल्याही पंपावर तसलं इंधन मिळत नाही. तेव्हापासून दहात दोन भाग असतात, कारण त्या बदलाच्या चाचण्यांना मीच बसले होते. तुमचं शटर त्याआधी खाली आलं, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. जूननंतर एक लिटरही नवं पडलं असतं तर तो खालचा थर जाड दिसला असता.

शिवाय ते कडं. दर रविवारी साठ किलोमीटर म्हणजे महिन्यातून एकदा तरी पंपावर झाकण उघडायला हवं. चिरलेलं कडं तुमच्या नजरेतून एकदाही निसटलं नसतं. तुम्ही ते झाकण उघडलेलंच नाही. टाकीत होतं ते आईने भरलेलं होतं. आई गेल्यापासून भोपळी फाटकाबाहेर पडलेली नाही.

मी इथे आल्यापासून शंभर इंधनं तपासली असतील. थंडीत, उन्हात, चढावर, गर्दीत, गाडी कशी चालेल याचे सगळे तक्ते आमच्याकडे आहेत. गाडी कुठेच जाणार नाही, असा तक्ता कुणी केलेला नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तलाव, पत्ते, काकूंचं बोलणं, वळणावरचा आरसा. हे सगळं मी महिनाभर उशाशी घेऊन झोपले. मला राग आलाय असं लिहिणार होते, पण राग नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि लाजही वाटतेय की मी ते सगळं इतक्या सहज खरं मानलं.

मी सही करत नाही. मार्चअखेर आवरून घरी येते.

तुमची,
वॉशर


६ मार्च

चि. वॉशरबाईस,
आशीर्वाद.

डबे बाहेर काढले. पकडलो गेलो. दाढीवाला एवढ्या सफाईने कधी पकडला गेला नव्हता. खरं तर तो दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे राहायला गेला, आणि तलावाकाठच्या घराला कुलूप आहे. पत्ते मी कपाटातही कुठे ठेवलेत ते मला आठवत नाही.

खरं लिहायला सांगितलं होतंस, तर आता लिहितो. दर रविवारी सकाळी मी शेडमध्ये जातो. भोपळीचं दार उघडतो, बाहेर उभा राहूनच आत हात घालून चावी फिरवतो, आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून ऐकत उभा राहतो. मग बंद करतो. दहाच मिनिटं, कारण काटा खाली येतो. तुझ्या आईने भरलं तेव्हा काटा पाऊण टाकीवर होता, तो आता अर्ध्याच्या जरा वर होता. पेट्रोल असं वर्षभर टिकतं हे मला ठाऊक होतं. तुझं नवं पेट्रोल टिकत नाही हे ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाने असली चूक केली असती तर मी त्याची चामडी लोळवली असती.

आत का बसत नाही ते सांगतो. जगाच्या गाड्या मी चालवल्या, पण आपली गाडी कायम तिनेच चालवली, मी शेजारी बसलो. ती बुटकी. तिची सीट पार पुढे ओढलेली आहे. मी बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकतात. बसायचं तर सीट मागे सरकवायला हवी. खाली एक कडी आहे, ती ओढली की झालं, दोन सेकंदांचं काम. मी ती चौदा महिने ओढलेली नाही. ती उठून गेली तशी ती सीट आहे, आणि एकदा सरकवली की ती नेमकी कुठे होती ते मला पुन्हा कधीच सांगता येणार नाही. एवढंच आहे. लिहायला बसलो तर केवढंसं दिसतं.

आता तुझी पाळी.

तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, आणि पत्र वाचून झालं की मी ती उलटी करून मागचे तक्तेही तारखेप्रमाणे लावतो. कामाचे कागद आहेत, वाचायला बरे वाटतात. त्यात शेवटी दोन रकाने आहेत. एक नोंद करणाऱ्याच्या सहीचा, दुसरा सोबतीच्या सहीचा. चालू इंजिनाजवळ माणसाने एकटं बसू नये असा नियम असणार, चांगला नियम आहे. गेल्या वर्षी ऑगस्टपर्यंत दुसऱ्या रकान्यात एक गोल गोल सही आहे, ती कुरळीची असावी. सप्टेंबरपासून तो रकाना कोरा आहे. एका ठिकाणीही सही नाही. आणि तक्ते बहुतेक रविवारचे आहेत.

तू लिहिलंस की ८ जानेवारीच्या रविवारी कुरळीबरोबर टेकडी चढलीस, चप्पल तुटली. पुढचं पत्र आलं त्यामागे ८ जानेवारीचाच तक्ता होता. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला तुझी सही, अकरा सह्या. दुपारी दोनला तेल चार अंशांनी चढलं, आणि तेही तू नोंदलंस. कुरळी सप्टेंबरातच कुठे तरी निघून गेली, हो ना? वाढदिवस बहुधा झालाच नाही.

मला हे महिनाभर माहीत होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तलावाचं विचारलं असतंस. तुझ्या आईला आपण दोघेही हसवत असू या वेळी.

तू घरी येऊ नकोस. तुझी वाट पाहत नाही असं नाही, रोज पाहतो. पण उभ्या गाडीला सोबत म्हणून तू चालती गाडी बंद करून यायचं, हे मला पटत नाही. तसं झालं तर शेडमध्ये दोन गाड्या उभ्या राहतील.

टाकी कशाने धुवायची ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

लोभ किती आहे ते आता दोघांनाही कळलंय.

तुझा,
बाबा


१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तक्ते तुम्ही वाचता, हे तापमानाच्या वेळीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही आकडे बघता. सह्याही बघता, हे लक्षात आलं नाही.

कुरळी सप्टेंबरात दुसरीकडे बदलून गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. रविवारी इंजिन बंद ठेवता येत नाही आणि बाकी सगळ्यांना घरं आहेत, म्हणून मी हात वर करते. बाईंना वाटतं मी कष्टाळू आहे. खोलीत बसण्यापेक्षा इथे बरं वाटतं, इथे निदान काही तरी चालू असतं. टेकडी मात्र खरी आहे. समोरच दिसते, मी चढलेली नाही. चप्पल जिन्यात तुटली.

आता टाकीचं. साध्या पेट्रोलने दोनदा खळबळून घ्या, वाळू द्या, झाकणाचं कडं नवं बसवा. जुन्या पेट्रोलच्या वरच्या थरात तुम्ही हत्यारं धुऊ शकता, खालचा थर टायरवाल्याला सांगून नीट टाकून द्या. मग नवं इंधन भरा. नव्या इंधनाचा नियम लिहून घ्या आणि शेडच्या दाराला चिकटवा. भरलेली टाकी एका महिन्यात संपली पाहिजे. जागेवर उभं राहून जाळलेलं चालणार नाही.

टाकी पस्तीस लिटरची. तुमच्या फाटकापासून आमच्या चाचणीघरापर्यंत दोनशे सत्तर किलोमीटर. भोपळी लिटरला सोळा देते. म्हणजे जाऊन येऊन एक टाकी. मी तीनदा आकडेमोड केली, तुम्हीही करून बघा.

बाईंना मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. कोरा रकाना बघून त्या माझ्यावर भडकल्या आणि मग स्वतःवर. मी विचारलं की चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस रविवारपुरता सोबतीला बसला तर चालेल का. त्या म्हणाल्या, इंजिन बंद करायचं लाल बटण कुठे आहे ते कळणारा कुठलाही शहाणा माणूस चालेल. २६ मार्चला रविवार आहे. माझी पाळी आठ ते सहा.

सीटचं मी काही सांगू शकत नाही बाबा. ते तुम्हीच बघा. नाही जमलं तरी मी समजेन, आणि मग मीच येईन.

तुमची,
वॉशर


२२ मार्च

चि. वॉशरबाईस,
आशीर्वाद.

आकडेमोड बरोबर आहे. वाटेत दोनदा चहा धरला नव्हतास, पण त्याला इंधन लागत नाही.

टाकी धुतली, कडं बसवलं, फिरवून बघायला लिटरभर पेट्रोल घातलं. तुझ्या आईच्या पेट्रोलच्या वरच्या थरात माझे सगळे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर धुऊन काढले. चाळीस वर्षांचं काळं निघालं. ती कायम म्हणायची की या हत्यारांना एकदा आंघोळ घाला. घातली.

सीटपाशी तीन दिवस गेलो आणि परत आलो. चौथ्या दिवशी कानस घेऊन गेलो. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते त्या पट्टीवर, सीटच्या पायाला अगदी चिकटून, कानशीने एक खूण केली. बारीक, पण खोल. गंजली तरी बोटाला लागेल. मग कडी ओढली. सीट पाच दाते मागे गेली. मी आत बसलो, दार लावलं. आरसा छताकडे बघत होता, तो ठीक केला. मग फाटकापर्यंत जाऊन आलो. टायरवाला काम टाकून बघत उभा राहिला.

टाकी शनिवारी सकाळी निघताना भरीन, म्हणजे महिना तिथून मोजायचा. रात्री कुठे उतरायचं ते ठरवून ठेव. डबा मी आणतो, उकडलेली अंडी आणि पाव. बूटही आणतो आहे तुझ्या मापाचे, टेकडीसाठी.

लाल बटण कुठे आहे ते आधी दाखव.

भेटीत लोभ असावा.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पोचल्याचं पत्र मिळालं. येताना चहासाठी तीनदा थांबलात, म्हणजे गुडघे दुखत होते. पुढच्या वेळी खरा आकडा आणि खरं कारण दोन्ही लिहा.

आज रविवार आहे आणि मी चाचणीघरातूनच लिहितेय. इंजिनाचे सहाशे तास गेल्या गुरुवारी पुरे झाले. आता दुसरं लावलंय, ते अजून बोलकं नाही. बाईंनी नव्या माणसासाठी अर्ज दिलाय. यायला दोन महिने लागतील, तोवर महिन्यातले दोन रविवार त्या स्वतः बसणार आहेत. आजचा त्यांचा नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तुमची विसरलेली मफलर आहे. मी ती मुद्दाम पाठवत नाही.

करारावर शुक्रवारी सही केली. बाईंनी विचारलं, वडील काय म्हणाले. मी म्हटलं, ते म्हणाले की तुझ्या पंख्याचा पट्टा सैल आहे. तो खरंच सैल होता.

हा कागद उलटा करून बघा. २६ मार्चचा तक्ता आहे. नक्कल रद्दीत गेली नाही, मी मागून घेतली. अकरा ओळी, आणि दोन्ही रकाने भरलेले. तुमची सही आठ वाजता नीट आहे, नऊ वाजता आणखी नीट, आणि दुपारी तीनला कागदाबाहेर गेलीय, कारण तेव्हा तुम्ही दाढीवाल्या काकांच्या स्क्रूची गोष्ट सांगत होता आणि मी हसत होते. हा तक्ता बाकीच्यांबरोबर तारखेप्रमाणे लावा.

तुम्ही गेल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी झाली, हे लिहू की नको असं चाललं होतं. पण आपण खरं लिहायचं ठरवलंय. आजच्या तक्त्यात तुमचा रकाना कोरा आहे, आणि आता तो मला दिसतो. आधी दिसत नव्हता.

भोपळीत परतीचं एक-दीड लिटर उरलं असेल. तेवढ्यावर पंपापर्यंत जाता येतं. यावेळी झाकण उघडाल तेव्हा कडं बघा, टाकी भरा आणि पावतीवरची तारीख मला कळवा.

तिथून तीस दिवस मोजायला मी बसलेच आहे.

तुमची,
वॉशर